दमडीची मशीद

‘पदरी दमडी नाही’ असे आपण सहज बोलून जातो. ही दमडी एके काळी खरोखरीचे नाणे होती. शब्दाचे मूळ शोधत गेले तर वाट थेट ग्रीसला जाते. ग्रीकांचे ‘द्राख्मा’ हे चांदीचे नाणे. त्यावरून संस्कृतात ‘द्रम्म’, द्रम्मावरून ‘दाम’ आणि दामाचे धाकटे भावंड म्हणजे ‘दमडी’. अरबांचा ‘दिरहम’ही याच घराण्यातला. अबुल फजलने ‘ऐने-अकबरी’त या नाण्यांचे कोष्टकच दिले आहे. अर्ध्या दामाला अधेला, पाव दामाला पावला आणि दामाच्या आठव्या हिश्शाला दमडी. चाळीस दामांचा रुपया. म्हणजे रुपयाच्या ३२० दमड्या झाल्या.

अशा या क्षुल्लक नाण्याचे नाव एका इमारतीला मिळाले आहे. अहमदनगरच्या (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्याजवळ एक लहानशी दगडी मशीद आहे. तिला सगळे दमडी मशीद म्हणतात. किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांनी आपापल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशांतून ही मशीद उभी राहिली, अशी कथा सांगतात. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र मशिदीचा निर्माता म्हणून साहिरखान या निजामशाही सरदाराचे नाव येते, आणि बांधकामाचे साल येते १५६७-६८.

आपल्या पाठ्यपुस्तकांत गोलघुमट असतो, बिबी का मकबरा असतो. मोहल्ल्यातल्या लहान मशिदीला, गल्लीतल्या देवळाला किंवा वेशीजवळच्या बारवेला तिथे जागा नसते. वर्गात इतिहासाची रीत शिकवायची असेल तर मला या लहान वास्तू जास्त उपयोगी वाटतात. बादशहाची इमारत कोणी बांधली असे विचारले की मुले एक नाव सांगतात आणि प्रश्न संपतो. दमडी मशिदीपाशी दोन उत्तरे आहेत, एक सरदाराचे आणि एक मजुरांचे. प्रश्न तिथून सुरू होतो.

साल आणि काळ

आधी सालाकडे पाहू. एखाद्या पुस्तकात १५६७ आणि दुसऱ्यात १५६८ दिसले की विद्यार्थी गोंधळतात. इथे कोणाचीच चूक नाही. हे साल हिजरी ९७५ आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, त्याला आपल्यासारखा अधिक मास नाही. त्यामुळे ते इसवी सनाच्या वर्षात दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते. हिजरी ९७५ हे वर्ष जुलै १५६७ मध्ये सुरू झाले आणि जून १५६८ मध्ये संपले. महिना ठाऊक नसेल तर जोडसाल लिहिणे हाच प्रामाणिकपणा.

तेव्हा नगरच्या गादीवर मूर्तझा निजामशहा होता, पण तो अल्पवयीन. राज्याचा कारभार त्याची आई खुंजा हुमायून पाहत होती. तिचा नवरा हुसेन निजामशहा तालिकोटच्या लढाईत (जानेवारी १५६५) विजयनगरविरुद्ध लढला आणि त्याच वर्षी वारला. चार वर्षे या बाईने राज्य चालवले. १५६९ मध्ये मुलानेच तिला कैदेत टाकले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या बहुतेक चित्रांत शहाशेजारी बसलेली तिची आकृती मागाहून कोणीतरी पुसून टाकलेली दिसते. राणीची ही गत, तर दगड फोडणाऱ्याचे नाव कोण टिपून ठेवणार?

आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या वाचकांना निजामशाही परकी वाटू नये. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, आणि त्या जिल्ह्यातले पाथरी हे निजामशहांचे मूळ गाव. फिरिश्ता सांगतो, की या घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा ब्राह्मणाचा मुलगा, पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. लहानपणी बहमनी सैन्याच्या हाती सापडला आणि मुसलमान झाला. त्याच्या मुलाने, अहमदने, नगर वसवले. पुढे नातू बुऱ्हाण निजामशहाने वडिलोपार्जित पाथरी मिळवण्यासाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण मांडले आणि १५१८ मध्ये ती घेतली. एका कुलकर्ण्याच्या वतनाच्या आठवणीने दोन शाह्या झुंजत राहिल्या, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

कथा तपासू या

आता दमडीच्या कथेकडे. दंतकथा खरी की खोटी असा निवाडा घाईने करू नये. तिला काही प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न काळाचा. नगरचा किल्ला आधी मातीचा होता. हुसेन निजामशहाने तो दगडात बांधायला १५५९ मध्ये घेतला आणि १५६२ च्या सुमारास काम पुरे झाले. मशीद १५६७-६८ ची. मध्ये पाच वर्षांचे अंतर पडते. रोज मजुरीतून दमडी कापली आणि तिकडे मशीद चढत गेली, हे चित्र या अंतरात बसत नाही. अर्थात सुमारे १.७ किलोमीटर घेराच्या किल्ल्याचे काम एका तारखेला संपत नाही. खंदक, दुरुस्त्या, आतल्या इमारती यांवर माणसे पुढेही लागत असतील. तरीही ही अडचण नोंदवून ठेवली पाहिजे.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. दमड्यांत मशीद होते का? ‘ऐने-अकबरी’तले मजुरीचे दर उत्तर हिंदुस्थानातले, आणि वीस-पंचवीस वर्षांनंतरचे. निजामशाहीतले दर तेच असतील असे नाही, पण अंदाजासाठी ते चालतील. साध्या मजुराला दिवसाला दोन ते तीन दाम, पहिल्या प्रतीच्या गवंड्याला सात दाम. दोन दाम म्हणजे सोळा दमड्या. त्यातली एक दिली तर मजुरीचा सोळावा हिस्सा गेला. हातावर पोट असलेल्या माणसाला हे जड आहे, पण अशक्य नाही. समजा हजार मजुरांनी रोज एक दमडी दिली. हजार दमड्या म्हणजे १२५ दाम. सात दामांच्या दराने त्यात रोज सतरा-अठरा कसबी कारागीर राबतील. असे वर्षभर चालले तर लहान मशिदीचे काम पुष्कळ पुढे जाईल. हजार हा आकडा मी गृहीत धरलेला आहे. वर्गात तो बदलून पाहावा. एवढे मात्र दिसते की हिशेबाच्या कसोटीवर कथा टिकते.

तिसरा प्रश्न कामाच्या प्रतीचा. दमडी मशीद लहान असली तरी गरीब दिसत नाही. घडीव दगडाचे मोठमोठे चिरे, दर्शनी बाजूला तीन कमानी, वर आटोपशीर मिनार आणि जागोजाग बारीक कोरीव काम. नगरच्या निजामशाही वास्तूंमध्ये कोरीव कामासाठी तिचे नाव पुढे घेतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिचा समावेश आहे. असे काम हौशी हातांचे नव्हे. त्यामागे मुरलेले पाथरवट होते, आराखडा होता आणि कामावर लक्ष ठेवणारा कोणी वजनदार माणूस होता. साहिरखानाची जागा इथे दिसते.

तेव्हा सरदाराने पुढाकार घेतला आणि मजुरांनी हातभार लावला, अशी दोन्ही उत्तरांची सांगड घालता येते. कदाचित एवढीशी मशीद म्हणून लोकांनी चेष्टेने ‘दमडी’ म्हटले असेल आणि नावाला शोभेशी कथा मागून जुळली असेल. माझा कल या दुसऱ्या शक्यतेकडे थोडा अधिक आहे. पण कथा मागाहून रचली असली तरी ती निरुपयोगी ठरत नाही. शहराने ही मशीद साहिरखानाच्या नावाने ओळखायचे नाकारले आणि तिचे श्रेय अनामिक मजुरांना दिले. हे कोणत्याही शिलालेखात मिळाले नसते.

तिकडे इस्तंबूलमध्ये

अशी कथा एकट्या नगरची नाही. तुर्कस्तानात, इस्तंबूलच्या फातिह भागात, एक मोहल्ल्याची लहान मशीद आहे. तिचे नाव ‘सांकी येदिम’, म्हणजे ‘जणू मी खाल्लेच’! एका गरीब, धार्मिक माणसाला बाजारात काही खावेसे वाटले की तो स्वतःशी म्हणे, ‘जणू मी खाल्लेच’, आणि तेवढे पैसे बाजूला टाकी. अशा साठलेल्या पैशांतून त्याने मशीद बांधली, अशी आख्यायिका आहे. दमडी मशिदीची ही सख्खी बहीण शोभावी. एकीचे पैसे मजुरीतून आले, दुसरीचे जिभेवरून.

‘मोहल्ला’ हा शब्द आपला आणि तुर्कांचा सामाईक आहे. अरबीत ‘महल्ला’ म्हणजे मुक्कामाची, उतरण्याची जागा. तुर्कीत ‘महल्ले’, आपल्याकडे मोहल्ला. उस्मानी तुर्कांच्या इस्तंबूलमध्ये सोळाव्या शतकात असे दोनशेहून अधिक महल्ले होते, हे १५४६ च्या वक्फ-नोंदवहीवरून समजते. बहुतेक महल्ल्यांची ओळख तिथल्या मशिदीने होई. यांतली पुष्कळशी ‘मेसजिद’ म्हणजे रोजच्या नमाजाच्या लहान मशिदी होत्या. शुक्रवारच्या सामूहिक नमाजाची आणि प्रवचनाची मशीद वेगळी. तिला ‘जामी’ म्हणत आणि तिच्यासाठी सुलतानाची परवानगी लागे. सर्वसाधारण मेसजिद म्हणजे एक चौकोनी खोली, वर लाकडी छप्पर आणि कौले, कोपऱ्याला एकच मिनार, बाहेर पाण्याचे कारंजे, शेजारी मुलांची शाळा आणि थोडी थडगी. इमाम हा नमाज पढवणारा तसाच महल्ल्याचा कारभारीही. महल्लेवाले सरकारदरबारी एकमेकांना जामीन राहत. जादा कर भरण्याची वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून कित्येक महल्ले एक सामाईक गंगाजळी ठेवीत. लोकांनी तिच्यात पैसे टाकायचे, ते कर्जाऊ द्यायचे आणि उत्पन्नातून कर, मशिदीचे तेल, दुरुस्ती असा खर्च भागवायचा. व्याजासारख्या या उत्पन्नावर धर्मपंडितांत मोठा वाद झाला, पण पद्धत चालू राहिली.

आपल्याकडे व्यवस्था निराळी होती. दख्खनच्या खेड्यात मशिदीचा मुलाणा गावगाड्यातच ओवलेला असे. अलुत्या-बलुत्यांच्या याद्यांत महार, सुतार, लोहार यांच्याबरोबर मुलाण्याचे नाव येते. पीक निघाले की सगळ्या गावाकडून त्याला त्याचा वाटा मिळे. शहरात रोख पैसा आणि खेड्यात धान्य, एवढा फरक समजावा.

मजुरांच्या नोंदीबाबत मात्र इस्तंबूल आपल्यापेक्षा भाग्यवान. तिथल्या सुलेमानिये या भव्य मशिदीच्या (१५५०-५७) बांधकामाच्या हिशेबवह्या शिल्लक आहेत. ओमर लुत्फी बरकान या इतिहासकाराने त्या अभ्यासून प्रसिद्ध केल्या. कोण, कुठला, काय काम करी, किती दिवस आणि किती मजुरीवर, हे त्यांत आहे. त्यावरून कळते की मशिदीच्या कारागिरांपैकी जवळजवळ निम्मे ख्रिस्ती होते. निजामशाहीच्या बांधकामांच्या अशा वह्या आपल्या हाती नाहीत. म्हणून आपल्याला दंतकथेकडून आणि दगडाकडून साक्ष काढावी लागते.

दगडाची साक्ष

दमडी मशीद उभी राहत होती त्याच सुमारास, १५६८ मध्ये, उस्मानी वास्तुकार सिनान याने एदिर्ने येथे सेलिमिये मशिदीचे काम सुरू केले. तिच्या घुमटाचा व्यास ३१ मीटरहून अधिक आहे. सिनानने लहान मशिदीही पन्नासच्या आसपास बांधल्या, पण जगाला आठवतो तो त्याचा घुमट. खाली एकही खांब मध्ये न येता सगळे एकाच छताखाली, ही उस्मानी वास्तुकलेची ओढ होती. नगरच्या मशिदीत नजर भरेल असा घुमट नाही. हे का?

दख्खनला तुर्क ठाऊक नव्हते असे नाही. नगरमध्येच १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी याने ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, पूर्वीच्या पूर्व-रोमन साम्राज्याच्या, अर्थात उस्मानी मुलखाचा. तोफा ओतण्याची विद्या अशी समुद्र ओलांडून आली. बांधकामाची विद्या मात्र दगड आणि तो घडवणारे हात यांना बांधलेली असते.

इस्तंबूलच्या मशिदींचा बराचसा दगड ‘कुफेकी’ नावाचा चुनखडक आहे. खाणीतून ताजा काढला की तो मऊ असतो, सहज कापता येतो. हवेत राहिला की हळूहळू टणक होतो. गवंड्याला याहून सोयीचा दगड कोणता? आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, अगदी उलट स्वभावाचा. लाव्हा थंड होऊन झालेला. त्यातली खनिजे काठिण्याच्या मापात पाच-सहाच्या आसपास, तर संगमरवरातले कॅल्साइट फक्त तीन. छिन्नीचे पोलादही साधारण पाच-सहाच्याच घरातले. म्हणजे पाथरवट दगडाला झिजवतो तेवढाच दगड छिन्नीला झिजवतो. जवळपास लोहाराची भट्टी पेटती ठेवल्याशिवाय हे काम चालत नाही. अशा दगडात उमटवलेली बारीक नक्षी पाहताना तिच्यामागे किती छिन्न्या शेवटल्या असतील, याचा विचार करावा.

या कामात आपले पाथरवट नवखे नव्हते. औंढा नागनाथचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. यादवकाळात दगडावर दगड चुन्याशिवाय बसवण्याची आणि खांब-तुळईवर छत पेलण्याची रीत इथे पूर्ण मुरली होती. तुळईचे शास्त्र असे आहे: आडव्या दगडावर भार पडला की तो किंचित वाकतो. वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाब सोसण्यात दगड पहिलवान, पण ताणात दुबळा. म्हणून तुळई नेहमी खालून तडकते. केवळ स्वतःच्या वजनाचा विचार केला तरी, जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर खालच्या थरातला ताण चौपट होतो. शिवाय बेसाल्टचा घनमीटर सुमारे २.९ टनांचा. तीन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर जाड अशी एक तुळई पावणेदोन टन भरते. ती चढवायची कशी? यामुळे खांब जवळजवळ येतात.

कमान ही अडचण दुसऱ्या वाटेने सोडवते. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून धरतात, प्रत्येक दगडावर फक्त दाब येतो, ताण जवळपास नाहीच. मात्र तो दाब शेवटी दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो. त्याला अडवायला जाड भिंत किंवा शेजारची दुसरी कमान लागते. घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमान. तो तर चहूबाजूंनी ढकलतो. सिनानची अर्धी बुद्धी हा रेटा अर्धघुमटांवर, बुरुजांवर आणि भिंतींवर वाटून जमिनीत नेण्यात खर्ची पडली. मोहल्ल्यातल्या नमाजाला एवढा खटाटोप कशाला? थोडी माणसे, छोटी अंतरे. तिथे उंचीपेक्षा घडणीवर मेहनत केलेली बरी. इस्तंबूलच्या महल्लेवाल्यांनी लाकडी छपरावर भागवले, तर नगरकरांनी लहान अंतरे दगडाने झाकून उरलेली हौस नक्षीत फेडली.

एक गंमत कोणत्याही जुन्या इमारतीपाशी मुलांना दाखवता येते. कमानीसारखे दिसणारे सगळेच कमान नसते. सांधे पाहावेत. ते पंख्याच्या काड्यांसारखे वर पसरत गेले असतील तर ती खरी कमान. सांधे आडवेच असतील, किंवा एकाच शिळेतून कमानीचा आकार कोरून काढला असेल, तर आतून तुळईचे किंवा पुढे काढलेल्या थरांचेच शास्त्र काम करते आहे. घडवणाऱ्याने मालकाला हवा तो आकार दिला आणि आपली जुनी रीत सोडली नाही.

भाषेतही असेच झाले. मशिदीच्या मक्केकडच्या भिंतीतल्या कोनाड्याला ‘मिहराब’ म्हणतात. आपण त्याची ‘महिरप’ केली आणि ती गणपतीच्या मखरापर्यंत नेली. ‘गुंबद’चा घुमट झाला. ‘इमारत’ आपल्याकडे कोणतेही बांधकाम. उस्मानी तुर्कीत ‘इमारेत’ म्हणजे मशिदीजवळचे गोरगरिबांसाठीचे अन्नछत्र! एकच शब्द इकडे भिंतींकडे गेला आणि तिकडे चुलीकडे.

पश्चिम म्हणजे नेमकी कुठे?

मशिदीचे तोंड कसे ठरते, हा भूगोलाचा आणि गणिताचा सुंदर पाठ आहे. नमाज मक्केतल्या काबागृहाकडे तोंड करून पढतात. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला येते, दक्षिणेपासून सुमारे २८ अंश पूर्वेकडे. तिथे गल्ल्या वाकड्यातिकड्या, दिशा एकच. म्हणून पुष्कळ मशिदी रस्त्याशी तिरक्या बसलेल्या दिसतात. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण नेमकी पश्चिमेला का?

हिंगोलीचे अक्षांश १९.७ उत्तर, रेखांश ७७.२ पूर्व. मक्केचे अक्षांश २१.४, रेखांश ३९.८. सपाट नकाशावर रेघ मारली तर मक्का पश्चिमेपासून जेमतेम ३ अंश उत्तरेकडे दिसते. आता पृथ्वीगोल घ्या आणि हिंगोली ते मक्का दोरा ताणून धरा. हा सर्वांत जवळचा मार्ग हिंगोलीहून निघताना पश्चिमेपासून सुमारे साडेनऊ अंश उत्तरेकडे झुकलेला असतो. नगरहून हाच कोन साधारण दहा अंश येतो. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. नकाशा आणि गोल यांतला हा फरक फळ्यावर कितीही सांगितला तरी पटत नाही. दोऱ्याने क्षणात पटतो.

जुन्या ज्योतिषांना गोलावरचे हे त्रिकोणमिती-सूत्र ठाऊक होते. अडचण रेखांशांची होती. दोन गावांतले रेखांशाचे अंतर काढायचे तर एकच ग्रहण दोन्हीकडे कोणत्या वेळी दिसले हे जुळवावे लागे, आणि त्यात काही अंशांच्या चुका सहज राहत. शिवाय प्रत्येक मोहल्ल्यात ज्योतिषी कुठला? अनेक ठिकाणी मावळतीची दिशा किंवा आधीच्या मशिदीची दिशा पाहूनच पाया आखला गेला. त्यामुळे जुन्या मशिदींच्या दिशांत फरक आढळतात, आणि तो फरक हाच पुरावा असतो.

तो मोजायला चुंबकसूचीसुद्धा लागत नाही. वर्षातून दोनदा, साधारण २८ मे आणि १६ जुलै रोजी, मध्यान्हीचा सूर्य मक्केच्या अगदी डोक्यावर येतो. तेव्हा आपल्या घड्याळात अनुक्रमे दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केले की आपले तोंड मक्केकडे होते. सपाट जागी ओळंब्याने एक मीटरची काठी उभी रोवावी. हिंगोलीत तिची सावली सुमारे ७० सेंटिमीटर पडेल. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे रेघ ओढून ती पुढे वाढवावी. ती रेघ मक्केची दिशा दाखवते. खरी उत्तर-दक्षिण रेघ आदल्या दिवशी सकाळ-दुपारच्या समान लांबीच्या सावल्यांवरून आखून ठेवावी, म्हणजे साडेनऊ अंशांचा कोन कोनमापकाने तपासता येईल. गावातल्या मशिदीच्या विश्वस्तांना आधी विचारून हाच प्रयोग तिच्या अंगणात केला, तर मागच्या भिंतीशी काटकोनात येणारी रेघ आणि सावलीची रेघ यांतला कोन थेट मोजता येतो. एक-दोन दिवस मागेपुढे झाले तरी शालेय मापनात फरक जाणवत नाही. अडचण एवढीच, की २८ मेला शाळेला सुट्टी असते आणि १६ जुलैला आभाळ भरून आलेले असते. त्यातल्या त्यात मे महिनाच बरा; उन्हाळ्याच्या सुट्टीत कंटाळलेली चार-पाच मुले गावात सापडतातच.